पीएसटी फायली स्क्रिप्टने गोळा करायच्या आहेत: ४० पीसी, एक नॅस आणि रात्री मेन स्विच बंद

फोर्टचा_शेजारी

फोर्टमधलं सीए ऑफिस आहे. ४० पीसी, विंडोज १० आणि ११ सरमिसळ, आउटलुक २०१६ ते २०२१. चालू मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आहे, पण जुनं सगळं पीएसटीत (आउटलुकच्या मेल साठवणाऱ्या फायलींत) आणि त्या पीएसटी ज्याच्या त्याच्या पीसीवर. सध्या लॉगऑनला चालणारी दोन ओळींची बॅच फाइल आहे, डॉक्युमेंट्समधली पीएसटी एक्सकॉपीने नॅसवर (नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर) टाकणारी. तीन अडचणी आहेत. आउटलुक उघडं असलं की 'शेअरिंग व्हायोलेशन' येऊन कॉपी थांबते. डॉक्युमेंट्सबाहेरच्या फायली राहूनच जातात. आणि शेवटचा माणूस निघाला की शिपाई मेन स्विच पाडतो, त्यामुळे रात्रीचं शेड्यूल लावून उपयोग नाही. सुरुवात कुठून करावी?

बॅचमधून_पॉवरशेल

कॉपीचं नंतर बघू. आधी शिरगणती करा. किती फायली आहेत, कुठे आहेत, कुठल्या जातीच्या आहेत हे माहीत नसताना लिहिलेली कॉपीची स्क्रिप्ट म्हणजे अंधारात काठी फिरवणं.

कमांड खाली उच्चारानुसार लिहितोय. त्या स्वतः टंकून, समजून चालवा, पीएसटीच्या बाबतीत डोळे मिटून कॉपी-पेस्ट नको.

गेट-चाइल्डआयटमला -रिकर्स, -फाइल आणि -फोर्स द्या. -फोर्स विसरलात तर अ‍ॅपडेटा हे लपवलेलं फोल्डर सुटतं, आणि जुन्या प्रोफाइलमधल्या पीएसटी नेमक्या तिथेच, लोकल\मायक्रोसॉफ्ट\आउटलुकमध्ये असतात. आउटलुक २०१० पासून नवी फाइल आपोआप डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स'मध्ये जाते. याशिवाय डी ड्राइव्ह, डेस्कटॉपवरचं 'जुना पीसी' नावाचं फोल्डर आणि विंडोज.ओल्ड बघायला विसरू नका. ओएसटीच्या वाटेला जाऊ नका. ती एक्स्चेंजची, म्हणजे मेल सर्व्हरची, स्थानिक प्रत असते आणि पुन्हा तयार होते.

-फिल्टरमध्ये '*.पीएसटी' दिलं की कधीकधी '.पीएसटी_ओल्ड' अशा शेपटीच्या फायलीही येतात. तीन अक्षरी एक्स्टेन्शन विंडोज ८.३ पद्धतीच्या छोट्या नावाशीही जुळवून बघतं, म्हणून हा प्रकार होतो. इथे तो पथ्यावरच पडतो. त्या वगळू नका, वेगळ्या खुणेने नोंदवा.

प्रत्येक पीसीने स्वतःच्या नावाची वेगळी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली यादी) शेअरवर टाकावी. सगळ्यांनी एकाच फाइलीत ओळी जोडायला घेतल्या तर सकाळी दहाला ४० पीसी एकाच फाइलीवर तुटून पडतात आणि निम्म्या ओळी हवेत जातात. रकाने असे: पीसीचं नाव, यूजर, पूर्ण पाथ, बाइटमध्ये आकार, शेवटच्या बदलाची वेळ. या वेळेवर मात्र विसंबू नका. आउटलुकने पीएसटी नुसती उघडली, एकही मेल हलला नाही, तरी ती वेळ बदलते.

हेक्स_पाहणारा

वरच्या रकान्यांत एक वाढवा: फाइलची जात. त्यासाठी सुरुवातीचे १२ बाइट वाचले की झालं.

पहिले ४ बाइट हेक्समध्ये २१ ४२ ४४ ४ई असायला हवेत. नसतील तर ती पीएसटी नव्हेच, किंवा तिचं डोकंच गेलंय. ८व्या जागेपासूनचे दोन बाइट ५३ ४डी असतील तर पीएसटी, ५३ ४एफ असतील तर कुणीतरी ओएसटीला नवीन नाव दिलंय. १०व्या जागेपासूनचे दोन बाइट म्हणजे आवृत्ती, लहान बाइट आधी. १४ किंवा १५ आलं तर जुनी अ‍ॅन्सी फाइल, २३ आलं तर युनिकोड.

अ‍ॅन्सी ही आउटलुक ९७ ते २००२ ची पद्धत. तिला २ जीबीची भिंत आहे आणि भिंतीला धडकलेली फाइल बिघडते. युनिकोड २००३ पासून. तिची मर्यादा तेव्हा २० जीबी होती, २०१० पासून ५० जीबी. अ‍ॅन्सी फाइल आहे त्या जागी युनिकोड होत नाही. नवी पीएसटी बनवून जुनीतलं त्यात इम्पोर्ट करावं लागतं. यादीत दीड जीबीच्या वरची अ‍ॅन्सी दिसली तर बाकी सगळं सोडून आधी ती घ्या.

फाइल 'रीडराइट' शेअरिंग देऊनही वाचायला उघडली नाही, तर ती त्या क्षणी आउटलुकच्या ताब्यात आहे. स्क्रिप्टने तिथे मान टाकू नये, रकान्यात 'उघडी' लिहून पुढे जावं.

फोर्टचा_शेजारी

शिरगणती झाली. १८३ फायली, मिळून ४८० जीबीच्या आसपास. अ‍ॅन्सी ६, त्यातली एक १.९ जीबीची. धडकी भरली. ती आधी हातात घेतो.

एक विचित्र गोष्ट दिसली. ज्यांनी फोल्डरला 'जुने मेल', 'बँक पत्रव्यवहार' अशी मराठी नावं दिलीत, त्यांच्या पाथमध्ये सीएसव्हीत नुसती प्रश्नचिन्हं आहेत.

बॅचमधून_पॉवरशेल

विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये एक्स्पोर्ट-सीएसव्ही स्वतःहून आस्की लिहितं. त्यात देवनागरीला जागा नाही, म्हणून प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं. -एन्कोडिंग यूटीएफ८ द्या. ५.१ त्यात बॉमही (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) लिहितं, त्यामुळे एक्सेल नीट उघडतं. पॉवरशेल ७ मध्ये मात्र साधं यूटीएफ८ बॉमशिवाय जातं आणि एक्सेल घोळ घालतं. तिथे यूटीएफ८बॉम असं स्पष्ट लिहा. स्क्रिप्टमध्येच मराठी फोल्डरचं नाव असेल तर ती .पीएस१ फाइलही बॉमसह साठवा, नाहीतर ५.१ तिला जुन्या कोडपेजने वाचतं.

यादी पुन्हा काढाच. कारण प्रश्नचिन्ह हे वाइल्डकार्ड आहे. ही खराब सीएसव्ही कॉपी-आयटमच्या -पाथला दिली असती तर 'कुठलंही एक अक्षर' असा अर्थ लागून तेवढ्याच अक्षरांच्या नावाचं भलतंच फोल्डर जुळलं असतं. चौकोनी कंसातल्या नावांचंही तेच. पाथ सीएसव्हीतून येत असेल तेव्हा -लिटरलपाथच वापरायचं.

सर्व्हररूमची_चावी

१८३ पैकी आउटलुकला जोडलेल्या किती आणि नुसत्या पडून असलेल्या किती, हे अजून कळलेलं नाही. तो रकाना डिस्क चाळून येत नाही, आउटलुकलाच कॉममधून (स्क्रिप्टने दुसरा प्रोग्रॅम चालवायच्या सोयीतून) विचारावं लागतं. न्यू-ऑब्जेक्ट -कॉमऑब्जेक्टने आउटलुक.अ‍ॅप्लिकेशन घ्यायचं, 'मॅपी' नेमस्पेस, त्यातले स्टोअर्स, प्रत्येकाचा फाइलपाथ. शेवट .पीएसटी असेल तो ठेवा.

यात दोन खड्डे आहेत. ही स्क्रिप्ट त्या माणसाच्या लॉगिनमध्येच चालली पाहिजे. सिस्टम खात्याने चालवली तर तिला प्रोफाइलच दिसत नाही. आणि 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिन'ने चालवली, आउटलुक मात्र साधं उघडलेलं असेल, तर ८००८०००५ ही एरर येते. दोघांची पातळी एक हवी. म्हणजे डिस्क चाळणारी स्क्रिप्ट अ‍ॅडमिनची, ही यूजरची. एका फाइलीत कोंबू नका. कुणी नव्या आउटलुकवर गेलं असेल तर तिथे कॉम चालतच नाही. त्या पीसीवर जुन्या आउटलुकच्या अकाउंट सेटिंग्जमधली डेटा फाइल्सची यादी हाताने बघावी लागते.

डिस्क_डॉक्टर

आता कॉपी. एक्सकॉपी सोडा, रोबोकॉपी घ्या. पण त्याचे जन्मजात आकडे आधी बदला. फाइल अडली तर रोबोकॉपी १० लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी ३० सेकंद थांबून. एक उघडी पीएसटी आणि स्क्रिप्ट जवळजवळ ३४७ दिवस तिथेच उभी! स्लॅश आर:२ आणि स्लॅश डब्ल्यू:५ पुरे.

मोठ्या फायलींना स्लॅश जे द्या, कॅशे टाळून सरळ वाहतं. वायफायवरच्या लॅपटॉपलाच तेवढं स्लॅश झेड. तुटलं तर तिथून पुढे चालू होतं, पण वेग पडतो. स्लॅश एमटीचा (एकदम अनेक फायली नेण्याचा) इथे फायदा नाही, एका पीसीवर दोन-चार धोंडेच असतात. लॉगला स्लॅश युनिलॉग, नाहीतर मराठी नावं पुन्हा प्रश्नचिन्हांत. आणि स्लॅश एमआयआर या कामात वर्ज्य. पीसीवर कुणी चुकून पीएसटी उडवली की दुसऱ्या दिवशी नॅसवरूनही ती उडते. मग त्याला बॅकअप कशाला म्हणायचं?

रोबोकॉपी लक्ष्यावर फाइलचा पूर्ण आकार आधीच राखून ठेवतं. मध्येच मेन स्विच पडला तर नॅसवर १२ जीबीची फाइल दिसेल, आत निम्मी पोकळ. आकार जुळला म्हणजे काम झालं असं समजू नका. 'येणारे' नावाच्या फोल्डरमध्ये कॉपी, मग दोन्हीकडे गेट-फाइलहॅश (हॅश म्हणजे बाइटांवरून निघणारा फाइलचा ठसा), जुळलं तरच 'पक्के' फोल्डरमध्ये हलवायचं. जुनी पक्की प्रत त्याआधी पुसायची नाही.

फोर्टचा_शेजारी

वेळ कुठली धरायची? जेवणाच्या सुट्टीतही कुणी आउटलुक मिटत नाही.

डिस्क_डॉक्टर

आधी गणित. गिगाबिट केबलवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबी धरा. ४८० जीबीला सव्वा तासाच्या आत-बाहेर. वाटेत एखादा जुना १०० एमबीपीएसचा स्विच असेल तर ११ एमबी, म्हणजे १२ तास. हे स्विच टेबलाखाली धूळ खात असतात, पोर्टवरचा दिवा बघून शोधून काढा.

४० जणांनी संध्याकाळी साडेसहाला एकदम सुरू केलं तर नॅसचं एकच पोर्ट सगळ्यांत वाटलं जातं आणि प्रत्येकालाच सव्वा तास लागतो. कर्जत-कसाऱ्याचा माणूस तेवढा थांबणार नाही, आणि त्याने थांबावं अशी अपेक्षाही चूक आहे. पीसीच्या क्रमांकाला ५ ने भागून उरलेल्या आकड्यावर वार वाटा. रोज ८ पीसी, साधारण ९६ जीबी, १५ मिनिटं. हॅशसाठी वर थोडा वेळ लागेल. हॅश नॅसवरून वाचण्यातही नेटवर्क खर्च होतं, तेव्हा अर्धा तास धरा.

डेस्कटॉपवर 'बॅकअप करून बंद करा' असा शॉर्टकट ठेवा. स्क्रिप्ट कॉममधून क्विट सांगते, आउटलुकची प्रोसेस जाईपर्यंत तीन मिनिटं वाट बघते, कॉपी, हॅश, मग शटडाउन. तीन मिनिटांत प्रोसेस गेली नाही तर त्या दिवशी कॉपी नाही, लॉगमध्ये नोंद. स्टॉप-प्रोसेस -फोर्स करू नका. आउटलुकचा गळा दाबला की पुढच्या उघडण्याला 'डेटा फाइल नीट बंद झाली नव्हती' म्हणत ते फाइल तपासत बसतं, आणि मोठी फाइल असली की सकाळी तुमचा फोन वाजतो. प्रोसेस अडकण्याचं कारण बहुतेक वेळा एखादं अ‍ॅड-इन असतं.

शिपायाला एवढंच सांगायचं: पीसीचा दिवा चालू असेल तोवर मेनला हात लावायचा नाही.

लॅमिंग्टन_रोड

एवढा उपद्व्याप कशाला? सगळ्या पीएसटी नॅसवरच ठेवा आणि आउटलुकला तिथूनच जोडून द्या. बॅकअपची भानगडच नाही.

सर्व्हररूमची_चावी

नको हो. नेटवर्कवरून पीएसटी उघडणं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सपोर्ट करत नाही, आणि कारण साधं आहे. पीएसटीची रचना स्थानिक डिस्कसाठी आहे. आउटलुक एका मेलसाठी फाइलभर छोटे छोटे वाचन-लेखन करत असतं आणि प्रत्येक खेप लगेच पोचेल असं धरून चालतं. केबल क्षणभर हलली, स्विच रीस्टार्ट झाला, की अर्धवट लिहिलेला भाग तसाच राहतो. एका वेळी एकच जण उघडू शकतो ते वेगळंच. सुरुवातीचे महिने छान जातात, मग मार्चअखेरीस सगळे एकदम मेल शोधायला लागले की नॅसही रडतो आणि फायलीही.

वनड्राइव्हचंही बघून घ्या. डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हने घेतलं असेल तर 'आउटलुक फाइल्स' त्याच्यासोबत गेलंय. आउटलुकने नुसतं उघडलं तरी फाइल बदललेली दिसते, म्हणून ती पुन्हा वर जायला निघते आणि आवृत्त्या साठून जागा खातात. अशा पीएसटी सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डरमध्ये हलवा. पण आउटलुकमधून आधी काढून, मग हलवून, मग पुन्हा जोडून. फाइल सरळ उचलली तर पुढच्या वेळी आउटलुक 'फाइल सापडत नाही' म्हणून उभं राहतं.

लॅमिंग्टन_रोड

बरं, पटलं. मग आउटलुक उघडं असतानाच कॉपी करायचा मार्ग आहे का? साहेब लोक बंद करत नाहीत.

हेक्स_पाहणारा

आहे, शॅडो कॉपी, म्हणजे डिस्कचं त्या क्षणीचं गोठवलेलं चित्र. डिस्कशॅडो फक्त सर्व्हर विंडोजवर मिळतं आणि साध्या विंडोजवर व्हीएसएसअ‍ॅडमिनला 'क्रिएट' नाही. पण विन३२_शॅडोकॉपी या क्लासची क्रिएट मेथड चालते. अ‍ॅडमिन हक्क लागतात. मिळालेल्या डिव्हाइस पाथला एमकेलिंक स्लॅश डीने फोल्डर म्हणून जोडायचं. पाथच्या शेवटी उलटा स्लॅश द्यायचा राहून गेला तर लिंक बनते पण उघडत नाही, आणि माणूस तासभर हक्क तपासत बसतो. काम झाल्यावर लिंक काढा आणि शॅडोही पुसा.

मात्र ही प्रत 'वीज गेल्यावर डिस्कवर जे राहिलं' त्या दर्जाची असते. मेमरीत असलेलं पण अजून न लिहिलेलं तिच्यात येत नाही. म्हणून हा मार्ग त्या चार-पाच साहेबांपुरता ठेवा आणि महिन्यातून एकदा त्यांचीही आउटलुक मिटवून खरी प्रत घ्या. शॅडोतून आलेल्या प्रतीवर, मूळ फाइलीवर नव्हे, स्कॅनपीएसटी हे दुरुस्तीचं साधन चालवून बघा. ते ऑफिसच्या रूट\ऑफिस१६ फोल्डरमध्ये असतं. एकदा चालवून भागत नाही, चूक दाखवणं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा चालवायचं. डिस्कवर फाइलीएवढी मोकळी जागा हवी, ते .बॅक प्रत बनवतं.

बॅचमधून_पॉवरशेल

नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नाही. पीएसटी वाढणं थांबवा. रजिस्ट्रीत एचकेसीयू\सॉफ्टवेअर\पॉलिसीज\मायक्रोसॉफ्ट\ऑफिस\१६.०\आउटलुक\पीएसटी इथे पीएसटीडिसेबलग्रो नावाची डीवर्ड, किंमत १. जुनं वाचता येतं, नवं घालता येत नाही. ग्रुप पॉलिसीतूनही मिळते. आधी दोन पीसींवर लावून आठवडाभर बघा. ज्यांचे मेल-नियम आपोआप पीएसटीत टाकतात त्यांची ओरड लगेच येईल, आणि त्यांची यादी तशीही तुम्हाला हवीच आहे.

तिथेच मॅक्सलार्जफाइलसाइझ असतं, ५१२०० एमबी म्हणजे ५० जीबी. हा आकडा वाढवून देण्याची विनंती येईल, देऊ नका.

सर्व्हररूमची_चावी

३६५ घेतलंच आहे तर शेवटी हे सगळं ऑनलाइन आर्काइव्ह मेलबॉक्समध्ये न्या. लायसन्समध्ये आर्काइव्ह आहे का तेवढं आधी बघा. परव्ह्यू या मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलमधल्या इम्पोर्ट सेवेत एझेडकॉपी या अपलोडच्या साधनाने फायली चढवायच्या आणि मॅपिंगची सीएसव्ही द्यायची. पहिली ओळ आहे तशी ठेवायची, त्याखाली जास्तीत जास्त ५०० ओळी. फाइलच्या नावातलं रोमन लहान-मोठं अक्षर हुबेहूब जुळलं पाहिजे, तिथेच बहुतेकांचं अडतं. चढवण्याआधी फायलींना पीसी क्रमांक आणि यूजर मिळून साधी, लहान अक्षरांतली, मोकळी जागा नसलेली नावं द्या. त्यासाठी तुमच्या शिरगणतीच्या सीएसव्हीत 'नवं नाव' हा रकाना जोडला की मॅपिंग फाइल स्क्रिप्टच बनवून देते. २० जीबीच्या वरच्या फायली आधी फोडून घ्या. १५० एमबीहून मोठा एकेक मेल सेवा वगळते. इम्पोर्टमुळे मेलबॉक्सवर रिटेन्शन होल्ड (जुने मेल आपोआप पुसण्याला स्थगिती) लागतो आणि आपोआप निघत नाही. तो कधी काढायचा ते ठरवून ठेवा.

फोर्टचा_शेजारी

डुप्लिकेट काढण्यासाठी हॅश वापरू का? एकाच माणसाच्या पाच-पाच प्रती दिसतायत. आणि मग मूळ फायली पुसायच्या कधी?

हेक्स_पाहणारा

पाचही प्रतींचा हॅश एकच आला तर त्या एकच, चार बाजूला ठेवा. पण वेगळा आला म्हणून मजकूर वेगळा असं नाही. आउटलुकने एकदा उघडली तरी बाइट बदलतात. मेल डिलीट करूनही फाइल लगेच लहान होत नाही, रिकामी पानं आत राहतात. तेव्हा आकारावरूनही ठरवू नका. फोल्डरनिहाय मेलची संख्या आणि सर्वांत जुनी-नवी तारीख कॉममधून काढून ताडून बघा.

पुसण्याचं काम स्क्रिप्टला देऊ नका असं माझं ठाम मत आहे. स्क्रिप्टने यादी करावी, सही माणसाने करावी. सीए ऑफिस आहे, एखादा मेल उद्या वादात लागू शकतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात हॅश आणि तो कुठल्या पद्धतीने काढला हे लिहायचं असतं. कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. म्हणून पहिल्या कॉपीच्या वेळचा एसएचए-२५६, तारीख आणि पीसीचं नाव यांची सीएसव्ही वेगळी, फक्त-वाचनीय ठेवा. किती वर्षं ठेवायचं ते भागीदारांनी लेखी द्यावं. कंपनी कायदा, २०१३ हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं ठेवायला सांगतो, तिथून चर्चा सुरू करता येईल. आणि पीएसटीला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आत त्याचा नुसता सीआरसी (छोटा तपास-आकडा) असतो, मजकूर त्याने कुलूपबंद होत नाही. नॅसवरच्या फोल्डरचे हक्क आवळा.

फोर्टचा_शेजारी

पहिल्या ८ पीसींवर शॉर्टकट लावला. फायली 'पक्के'मध्ये आल्या, हॅश जुळले. फक्त ज्या दोन पीसींवर शॉर्टकटऐवजी टास्क शेड्यूलर ठेवलाय, तिथे रोज शेवटचा निकाल ०एक्स१ दाखवतो. लॉगमध्ये तर चूक नाही.

डिस्क_डॉक्टर

चूक नाहीच. रोबोकॉपीचा १ म्हणजे 'फायली कॉपी झाल्या', ० म्हणजे 'कॉपी करण्यासारखं काही नव्हतं'. २ म्हणजे लक्ष्यावर जास्तीच्या फायली, ४ म्हणजे न जुळणाऱ्या, आणि ते एकमेकांत मिळवले जातात. ८ आणि त्यावर खरी बोंब. शेड्यूलरला हे कळत नाही, त्याला ० सोडून सगळं बिघाड वाटतं. स्क्रिप्टच्या शेवटी लास्टएक्झिटकोड ८ हून कमी असेल तर एक्झिट ०, नाहीतर तोच आकडा पुढे द्या. आणि त्या दोन पीसींत लॅपटॉप असेल तर 'फक्त एसी पॉवरवर असतानाच सुरू करा' ही खूण काढा. ती आधीपासून लागलेली असते, आणि टास्क चालला नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही.